दहा वाजून दहा मिनिटांचा स्वर्ग

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल एरवी नाचाच्या क्लासला भाड्याने जातो. त्या दिवशी भिंतींवरचे आरसे पांढऱ्या चादरींनी झाकले होते आणि पुढे एका आरामखुर्चीत द्रष्टे डोळे मिटून बसले होते. द्रष्टे हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. मेलेल्या माणसांशी त्यांचं रोजचं बोलणं होतं म्हणे, आणि ते ऐकायला जिवंत माणसं घामाघूम होऊन उभी होती.

"बेकरीवाली बाई आली आहे का?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. ती लगबगीने पुढे झाली. "तुझे वडील सुखरूप पोहोचले, बाळा. भट्टीचं दार नीट बसत नाही, ते दुरुस्त करून घे म्हणतात. आणि पलीकडच्या दारावरचं घड्याळ त्यांनीही पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. काच तडकलेली. तिथे काळ चालत नाही, तिथे काळ तडकतो."

बाई ओक्साबोक्शी रडू लागली. माझ्या शेजारी उभे असलेले निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले की महिनाभर ते येत आहेत आणि प्रत्येकाच्या माणसाला तेच घड्याळ दिसतं. वेगवेगळ्या घरची मेलेली माणसं एकाच घड्याळाची साक्ष देतात, याहून वेगळा पुरावा तो कोणता?

मी तिथे गेलो होतो टिंगल करायला. हाताची घडी घालून, ओठ मुडपून उभा होतो. पण घड्याळाचं वर्णन ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण ते घड्याळ मी रोज बघत होतो. ते माझ्या दुकानात, काउंटरसमोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक जुने फोन माझ्याकडे देतात, ते पुढे मोडीत जातात. फोन घेताना मी एक छोटासा कार्यक्रम करायचो. गिऱ्हाइकाकडून लॉक काढून घ्यायचो, त्याच्या डोळ्यांदेखत फोटो भराभर उडवायचो, सिम कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवायचो आणि म्हणायचो, "झाला फोन स्वच्छ." गिऱ्हाईक खूश. मग फोनच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून नाव-नंबर लिहायचा, उद्या कुणी परत मागायला आलं तर घोळ नको म्हणून. शेवटी कॅमेरा सुटा भाग म्हणून कामाचा आहे का, ते बघायला समोरच्या भिंतीचा एक फोटो काढायचा. भिंतीवर घड्याळ. खिळा निखळून ते एकदा पडलं, काच तडकली, काटे दहा-दहावर थांबले. तो फोटो पुसायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

निरोप, चिठ्ठ्या, आवाजाचे तुकडे, सगळं आत तसंच राहायचं. नीट पुसायला फोनमागे दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि माझ्याकडे तेवढा धीर नव्हता. फोनची पोती एक मनुष्य घेऊन जायचा. कारखान्यात चुरा होतो म्हणायचा. कुठल्या कारखान्यात, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं.

त्या पोत्यांपैकी एकात माझ्या भाऊजींचा फोन होता.

भाऊजी गेले त्याला सात महिने झाले होते. ताईने त्यांचा फोन दोन महिने उशाशी ठेवला आणि मग मला आणून दिला. "मला बघवत नाही, तू काय ते कर," म्हणाली. मी तोच कार्यक्रम केला. सख्ख्या बहिणीलाही त्याच थाटात म्हटलं, झाला फोन स्वच्छ. पुढे द्रष्ट्यांचा माणूस तिच्या दारात आला: तुमच्यासाठी निरोप आहे, या. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही की निरोप फक्त माझ्या गिऱ्हाइकांनाच येत होते.

पहिल्याच भेटीत द्रष्ट्यांनी ताईला "इन्स्पेक्टरबाई" म्हणून हाक मारली होती. भाजीच्या जुडीपासून मुलीच्या वह्यांपर्यंत सगळं तपासून घ्यायची तिची सवय, म्हणून भाऊजी तिला लाडाने तसं म्हणायचे. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईचा बांध तिथेच फुटला. तिच्या गळ्याला गाठ होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. द्रष्टे म्हणाले, तुझा नवरा सांगतोय, शस्त्र लावू देऊ नकोस. त्यांनी गळ्याला बांधायला एक निळी पट्टी दिली. ताईने ती बांधली आणि ऑपरेशन नको म्हणून दवाखान्याला कळवून टाकलं.

आता ऐका माझी खरी लाज. घड्याळ मी ओळखलं ते सोमवारी. ऑपरेशन गुरुवारी होतं. मधे दोन अख्खे दिवस होते. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण मग ताईला सांगावं लागलं असतं की तुझ्या नवऱ्याचे खाजगी शब्द मीच बाजारात सोडले. दुकानाचं काय होईल, लोक काय म्हणतील, हेही मनात आलंच. मी गप्प बसलो. गुरुवार गेला. नवी तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, आणि ताई तीही घ्यायला तयार नव्हती.

शनिवारी भाची दुकानात आली. ताईची मुलगी, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला असते. चार्जर बदलायला आली होती. उभ्या उभ्या तिची नजर भिंतीवर गेली आणि आईबरोबर हॉलमध्ये ऐकलेलं वर्णन तिला आठवलं. काचेवरची तड तिने बोटाने हवेत गिरवली. मग काउंटरवरच्या फोनची पट्टी वाचली, तो हातात घेऊन त्यातला शेवटचा फोटो उघडला. घड्याळ.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मग उद्या तूच सांगायचंस. सगळ्यांसमोर."

रविवारी मी घड्याळ पिशवीत घालून हॉलमध्ये गेलो. द्रष्ट्यांनी दहा-दहाचा विषय काढताच ते बाहेर काढलं आणि उंच धरलं. द्रष्टे मात्र मुरलेले. म्हणाले, "बघा, वरच्या घड्याळाची छाया खालच्या घड्याळावर पडली. हा भाग्यवान आहे." दोघा-चौघांनी मला नमस्कारही केला!

मग मी माझा स्वतःचा वापरातला फोन काढला आणि लोकांसमोर तोच कार्यक्रम केला. फोटो उडवले, सिम काढलं, झाला फोन स्वच्छ म्हटलं आणि तो भाचीच्या हातात दिला. पाच मिनिटांच्या आत तिने मी माझ्या बायकोला पाठवलेला निरोप शोधून मोठ्याने वाचला: "ताईला काही बोलू नकोस. घड्याळ आपल्याच दुकानातलं आहे. फोन मी पुसले नव्हते." खाली सोमवारची तारीख होती, तीही तिने वाचली.

तो निरोप मीच निवडला होता. तोंडाने सांगायची माझी हिंमत झाली नसती. ताई पहिल्या रांगेत बसली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, विसरूही नये.

"मी पुसले नाहीत, यांनी वाचले," मी म्हणालो. "यात तिसरं काही नाही."

गडबडीत द्रष्टे मागच्या जिन्याने निघाले, तिथेच लोकांनी त्यांना अडवलं आणि पोलिसांना बोलावलं. हेडमास्तरांनी आतल्या खोलीचं दार ढकललं. टेबलावर ओळीने फोन मांडले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर माझ्या अक्षरातली पट्टी होती. बेकरीवाल्या बाईने वडिलांचा फोन उचलून छातीशी धरला. हेडमास्तर एकेक पट्टी वाचत टेबलाच्या टोकापर्यंत गेले.

भाऊजींच्या फोनमध्ये दवाखान्यातून बोललेला एक निरोप निघाला. ताई रडेल म्हणून त्यांनी तो कधी पाठवलाच नव्हता. भाचीने तो लावला. "इन्स्पेक्टरबाई, मी भीतीपोटी तपासणी सहा महिने ढकलली. तू असलं काही करू नकोस. तुझ्या गळ्याशी परवा हाताला काहीतरी लागलं. दाखवून घे. कापायला सांगितलं, तर कापून घे."

द्रष्ट्यांनी हे सगळं ऐकलं होतं. लाडाचं नाव तेवढं उचललं आणि बाकीचं उलटं करून सांगितलं.

ताईने गळ्याची निळी पट्टी सोडली. माझ्याशी मात्र ती बोलली नाही, ऑपरेशन होईपर्यंत नाही.

ऑपरेशननंतर महिन्याने ती दुकानात आली. आवाज अजून बसलेला होता. तिने भाऊजींचा फोन काउंटरवर ठेवला आणि स्टूल ओढून बसली. आधी तो निरोप तिच्या फोनवर उतरवून घेतला, दोनदा ऐकून खात्री केली. मग म्हणाली, "आता पूस. माझ्यासमोर." मी फोनमधल्या खात्यातून बाहेर पडलो, मेमरी कार्ड काढलं, सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट केलं. फोन बंद झाला, चालू झाला आणि नव्यासारखी भाषा विचारू लागला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट तपासला. परत दिला, तेव्हा सवयीने माझा हात वर गेला, भिंतीवरच्या घड्याळाकडे, कॅमेरा बघायला.

ताईने शांतपणे फोन माझ्या हातातून काढून घेतला.

म्हणून तुम्हालाही सांगतो. मेलेली माणसं निरोप पाठवत नाहीत. आपणच टाकून दिलेलं कुणीतरी वाचतं आणि आपल्याच दुःखावर दुकान मांडतं. तुमच्या घरातली गुपितं जाणतो म्हणून कुणी सांगत आलं, तर हात जोडण्याआधी आठवा, तुमचा जुना फोन कुठे आहे. मोडीत द्यायच्या आधी तो पूर्ण पुसा; चालूच होत नसेल, तर समोर तोडून दाखवणाऱ्या जागीच द्या. आणि माझ्यासारखा कुणी काउंटरवरून म्हणाला की झाला फोन स्वच्छ, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. स्टूल ओढा, बसा आणि स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.