बटाट्याची दुसरी प्रत

"अहो, बाहेर उभं राहून हॉर्न काय वाजवताय! येणार नाहीये तो!" बायको खिडकीतून ओरडली.

तपासनीस फाटकासमोर स्कूटरवर बसून होते. इंजिन चालूच ठेवले होते. रोज संध्याकाळी हा तमाशा व्हायचा. पहिला बटाट्या होता तेव्हा स्कूटर कोपऱ्यावर वळायचा अवकाश, तो घरात असेल तिथून धावत येऊन फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढायचा. अकरा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. आणि हा दुसरा बटाट्या! स्कूटरचा आवाज ऐकला की पलंगाखाली शिरायचा, तो जेवणाच्या वेळेलाच बाहेर यायचा.

चरफडत त्यांनी स्कूटर आत घेतली, खिशातून वही काढली आणि लिहिले, 'दोष क्रमांक सात. फाटकाशी येत नाही. सुधारणा शून्य.'

वही कारखान्यातली होती. टाइल्सच्या कारखान्यात तपासणीचे काम करता करता त्यांना सव्वीस वर्षे झाली होती. भट्टीतून निघालेली टाइल कपाटातल्या मूळ नमुन्याशेजारी धरायची. जुळली तर पुढे पाठवायची, नाही जुळली तर लाल खडूने फुली मारायची. फुली पडलेली टाइल हातोड्याखाली जाई. केसाएवढा ओरखडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! घरी मात्र या नजरेने वात आणला होता. बायकोने पडदे लावले तर हे चुण्या मोजायला उभे.

पहिला बटाट्या रस्त्यावरचा. पिल्लू असताना यांच्या स्कूटरमागे धावत धावत घरापर्यंत आला आणि राहिला. रंगाने आणि अंगाने बटाट्यासारखा, म्हणून हे नाव. तो गेला त्याच संध्याकाळी तपासनीसांनी क्लोन करून देणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला बोलावले आणि बटाट्याच्या कातडीचा तुकडा त्याच्या हवाली केला. 'तुमचा लाडका, जसाच्या तसा!' असे कंपनीच्या पत्रकावर छापले होते. साठवलेली पुंजी त्यात गेली. वर्षभराने पेटीतून पिल्लू आले. तोच रंग, तोच दुमडलेला डावा कान, छातीवर तोच पांढरा ठिपका! त्या दिवशी तपासनीस लहान मुलासारखे रडले होते.

पण पिल्लू मोठे झाले आणि वही भरू लागली. पहिला डावी चप्पल पळवायचा, हा चपलेकडे ढुंकूनही बघत नव्हता. पहिल्याला आंघोळ घालायची म्हणजे घर डोक्यावर घ्यायचा, हा आपण होऊन बादलीत जाऊन बसायचा. मिक्सर लागला की पहिला भुंकून हैराण करी. हा मात्र त्याच मिक्सरशेजारी घोरायचा.

"अहो, हे काय दोष आहेत? हा त्याचा स्वभाव आहे," बायको म्हणाली.

"मी स्वभावच तर मागवला होता! नुसता रंग हवा असता तर बाहुला आणला असता."

"मग आणायचा होतात! निदान त्याला तुमची बोलणी कळली नसती." ती पलंगाशी वाकली. "ये रे शहाण्या, बंद झाली ती स्कूटर."

हाक ऐकताच पलंगाखालून शेपटी आपटल्याचा आवाज आला.

"तू त्याला शहाण्या म्हणू नकोस! अशाने तो आणखी बिघडेल!" तपासनीस कडाडले. शेपटी थांबली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातूनच त्यांनी कंपनीला फोन लावला आणि वहीतले सातही दोष वाचून दाखवले. पलीकडच्या मुलीचा आवाज मोठा गोड होता.

"काळजीच करू नका सर, आमची हमी आहे. तुम्ही हा परत पाठवा. त्याच खेपेतले आणखी दोन आहेत आमच्याकडे, त्यातला एखादा नक्की जुळेल."

"आणखी दोन?"

"हो सर. एकावर कसं विसंबणार? फक्त प्रवासाला तब्येत ठीक आहे, असा डॉक्टरांचा दाखला लागेल."

"आणि परत आलेल्याचं काय करता?"

"तो आमचा प्रश्न सर," मुलगी तितक्याच गोडपणे म्हणाली.

फोन ठेवतात तोच कारखान्यातला भट्टीवाला त्यांच्या खोलीच्या दारात आला. "साहेब, त्या कंपनीचा नंबर मलाही द्या ना. आमची म्हातारी मांजर आता दिवस मोजतेय. पोरीने खाणंपिणं सोडलंय."

"देतो. आधी माझं काम मार्गी लागू दे," तपासनीस त्रासून म्हणाले.

रविवारी ते कुत्र्याला चालवतच दवाखान्यात घेऊन गेले. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या बटाट्याला अकरा वर्षे तपासले होते. टेबलावर ठेवल्यावर पहिला थरथरायचा. याने जांभई दिली आणि आडवा झाला.

"पाहिलंत? हेही जुळत नाही!" तपासनीसांनी वही काढून आठवा दोष लिहिला आणि प्रवासाचा दाखला मागितला.

"ठणठणीत आहे हा. दाखला कशाला हवाय?"

"परत पाठवायचाय. बदलून देणार आहेत."

बाईंनी वही मागून घेतली, पहिल्या पानापासून वाचली आणि पेनाचे टोपण लावून टाकले.

"भाऊ, त्या कोपऱ्यातल्या चार टाइल्स बघा. तुमच्याच कारखान्याच्या आहेत. जुन्या फुटल्या म्हणून मी तोच क्रमांक सांगून नव्या आणल्या. जुळतात?"

त्या फिकट टाइल्स गेली दोन वर्षे तपासनीसांच्या डोळ्यांत खुपत होत्या. "कशा जुळतील? लॉट वेगळा आहे. माती तीच, साचा तोच, पण भट्टी वेगळ्या दिवशी पेटली की छटा बदलणारच. तेवढा फरक आम्ही पास करतो, खोक्यावर तसं छापतो."

"टाइलला एवढी सवलत देता, मग या जिवाला का नाही? तुमचा पहिला आपल्या पायांनी स्कूटरमागे धावत आला, म्हणून त्याला ती आवडायची. याला पेटीत कोंबून दोन दिवस गाडीतून आणलं. इंजिनाचा आवाज ऐकून हा लपतो, यात नवल ते काय! रक्त तेच असेल, पण याच्या वाट्याला आलं ते वेगळंच ना?"

बाईंनी वही त्यांच्या हातात परत ठेवली.

"आणि याला जन्म देणारी कुत्री कुठे आहे, विचारलंत कधी? एक पिल्लू धड जन्मावं म्हणून कितीजणींची पोटं चिरतात, किती गर्भ पडतात, किती पिल्लं चार दिवसांत जातात! इथे मागच्या अंगणात तेरा कुत्री घर मिळेल म्हणून वाट बघताहेत. त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही, कारण त्यांचा चेहरा कुणाशी जुळत नाही. बरं, हे सोडा. परत गेल्यावर याचं काय होणार, ते तरी विचारलंत?"

"विचारलं. तो त्यांचा प्रश्न आहे म्हणाले."

"नाही भाऊ! तो तुमचा प्रश्न आहे! तुम्ही सांगितलंत म्हणून हा जन्माला आला!"

तपासनीसांनी आपल्या बोटांकडे पाहिले. खडूचा लाल रंग धुतला तरी नखांच्या कडेला राहायचा. नापास मालाचे काय होते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा आवाज एकदम चिरकला.

"मला त्याची माफी मागायची होती हो! त्या दिवशी हिने तीन वेळा फोन केला, तो बरा दिसत नाही, लवकर या म्हणून. मी म्हटलं, हातातला लॉट संपवून येतो. आलो तेव्हा तो फाटकाशी पडला होता. अंगात त्राण नसताना सरपटत तिथवर आला होता. नाक गजांतून बाहेर होतं. मला वाटलं, पुन्हा एकदा तो फाटकाशी आला, तर मी या वेळी वेळेवर पोचेन."

डॉक्टरीणबाई कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "ज्याची माफी मागायची, तो गेला. हे दुःख तुम्हाला सोसावंच लागेल, भाऊ. ते या बिचाऱ्याच्या अंगावर ढकलू नका. उद्या याचीही माफी मागायची पाळी येईल."

कुत्रा टेबलावरून उतरला आणि दाराजवळच्या पाण्याच्या भांड्यात दोन्ही पाय घालून उभा राहिला. तपासनीसांना हसू आले आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दीड वर्षात हा कोण आहे, हे आपण एकदाही पाहिले नाही! आपण फक्त हा कोण नाही, तेवढेच लिहीत बसलो!

"दाखला राहू द्या," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी भट्टीवाला पुन्हा नंबर मागायला आला. तपासनीसांनी हातातला खडू खाली ठेवला.

"नंबर देणार नाही. मांजर अजून आहे ना? मग इथे काय करतोयस? घरी जा. पोरीला घे, मांजरीला मांडीवर घे आणि बसून राहा."

"पण साहेब, आजचा लॉट..."

"लॉट मी बघतो. जा म्हटलं ना! ही वेळ कुठलीही कंपनी परत देत नाही, मला विचार!"

भट्टीवाला धावतच गेला.

वाचकहो, आपल्या माणसाची किंवा मुक्या सोबत्याची आठवण येणे ही काही चूक नव्हे. ती तर प्रेमाची खूण आहे. पण आपले दुःख हलके व्हावे म्हणून एक जीव मागवायचा, तो नमुन्याशी ताडून बघायचा आणि पसंत पडला नाही तर परत करायचा, याला प्रेम म्हणत नाहीत. गेलेल्यासाठी मोकळेपणाने रडावे. जो दारात आहे, त्याला तो आहे तसा जवळ करावा.

त्या संध्याकाळी रस्त्यावर हॉर्न वाजला नाही. तपासनीस घामाघूम होऊन फाटकात शिरले, स्कूटर हाताने ढकलत.

"हे काय? बंद पडली?" बायको धावत बाहेर आली.

"नाही. कोपऱ्यावरच बंद केली. त्याला आवाज आवडत नाही."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात तिच्या पायाशी काहीतरी हलले. दुमडलेल्या कानाचे एक डोके दारातून हळूच बाहेर डोकावले. तो फाटकाशी आला नाही. उंबऱ्यावरच थांबला आणि हवेत वास घेऊ लागला.

तपासनीस आहेत तिथेच, अंगणात खाली बसले.

"ये रे शहाण्या," ते म्हणाले. "काही घाई नाही."