ताराचे कागद

समाजसेवेच्या डिप्लोमाला नाव घातलं तेव्हा रत्नमालाला सरांनी विचारलं, "हाच कोर्स का?" ती म्हणाली, "लोकांची सेवा करायची आहे." ते खोटं होतं. तिला एकाच माणसाचं वाटोळं करायचं होतं, तिच्या मेव्हण्याचं.

तो, कृष्णराव, पोलादाच्या प्लांटमध्ये अफसर. चार वर्षांपूर्वी रत्नमालाच्या बहिणीचं, ताराचं, पहिलं बाळ गेलं आणि तिने बोलणं टाकलं. तेवढ्यावर त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि सहा महिन्यांत दुसरी बायको घरात आणली. बाबांनी विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरांनीच लिहून देलं ना!"

कॉलेजात मानसिक आरोग्याच्या तासाला सरांनी सांगितलं, रुग्णाला भरती करायला दोन डॉक्टरांचे दाखले लागतात. त्या दिवशी रत्नमालाला जेवण गेलं नाही. फील्डवर्कसाठी तिने तेच इस्पितळ मागून घेतलं.

ताराची फाईल उघडली. दाखले दोन, नावं दोन, अक्षर एकच. तो गाठ मारल्यासारखा 'र' ती ओळखत होती. लग्नाआधी कृष्णरावाची पत्रं घरी यायची, ताराला वाचता येत नसे, रत्नमालाच वाचून दाखवायची.

तिने आरडाओरडा केला नाही. मोठ्या डॉक्टरांसमोर फाईल आणि जुनी पत्रं शेजारी शेजारी ठेवली. पंधरवड्यात तारा सुटली. केस कापलेले, अंगात सैल झंपर, पण विचारलेल्याला नीट उत्तर देत होती.

रविवारी सकाळी रत्नमाला तिला घेऊन कृष्णरावाच्या क्वार्टरवर गेली. दार त्यानेच उघडलं. ताराला पाहताच त्याचा हात कडीवरच राहिला.

"रत्ने, हिले इथं कावून आणलं?"

"भाऊजी, तुमची बायको आहे. कुठं नेऊ?"

त्याने आवाज खाली आणला. "मले माफ कर. कोणाले सांगू नको. नोकरी जाईन माही."

"अर्ज कालच देला," ती म्हणाली. "पोलिसात एक, तुमच्या ऑफिसात एक. दाखल्यांच्या नकला जोडून. आता फक्त तुमचं तोंड पाहायले आली."

आतून दुसरी बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "ह्या कोण?" तिने विचारलं. ताराच म्हणाली, "मी तारा. यांची पहिली."

महिन्याभरात तो सस्पेंड झाला, खटला उभा राहिला. दुसरी बायको वर्ध्याला माहेरी निघून गेली. तिच्यासाठी रत्नमालाला थोडं वाईट वाटलं, कृष्णरावासाठी तीळभरही नाही. सरांनी वर्गात शिकवलं होतं, मनातला राग बोलून मोकळा करावा. तिने बोलून नाही, करून मोकळा केला. आणि रिसालीच्या माहेरच्या घरी तारा पहिल्यांदा पोटभर जेवून दुपारी गाढ झोपली, तेव्हा रत्नमाला तिच्या उशाशी बसून खटल्याच्या पुढच्या तारखेचे कागद लावू लागली.