नळाचं ऐकणं

स्वयंपाकघराच्या खिडकीत रात्रभर ठेवलेल्या पेल्यात गंज तळाला बसला होता. मार्लिसने फूटपट्टी लावून पाहिलं. चार मिलिमीटर. मागच्या मतदानाच्या वेळी तीन होता. शाळेत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला पाणी नुसतं ओतून देणं जमत नसे.

पोस्टाने आलेली तिच्या नवऱ्याची, डेलमरची मतपत्रिका दोन आठवडे टेबलावर पडून होती. प्रश्न एकच: शहराने कर्ज काढून जमिनीखालचे जुने नळ बदलावेत का? ते नळ एकतीस वर्षं डेलमरनेच सांभाळले होते. कुठे फुटला की खड्ड्यात उतरायचं, लोखंडी पट्टा आवळायचा आणि चिखलाने माखून घरी यायचं. ठराव याआधी दोनदा आला, दोन्ही वेळा तो ‘नाही’ म्हणाला. मागच्या खेपेला त्याची नजर गेलेली, म्हणून मतपत्रिकेवरचा त्याचा ‘नाही’चा गोल मार्लिसनेच पेनने काळा केला आणि मग स्वतःच्या पत्रिकेवरचा ‘हो’चा. ठराव अकरा मतांनी पडला.

“आज रात्री आठला मतपेटी बंद होते,” ती म्हणाली.

“माहीत आहे, मास्तरीणबाई.”

“हो की नाही, एवढं सांग. सही तेवढी तू कर.”

“तूच टाक करून मनासारखं. मला कुठे दिसतंय?”

पेन तिच्या हातातच होतं. तिने त्याला टोपण लावलं.

“मत तुझं आहे, डेल. ते मी घेणार नाही.”

त्याने कॉफीचा मग बाजूला सारला. तो म्हणाला, “गाडी काढ. आणि नळ ऐकायची माझी सळई घे.”

अल्डर रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याने बुटाने चाचपून लोखंडी झाकण शोधलं. तिने ते उचललं. सळईचं टोक खाली व्हॉल्व्हवर टेकवून तो गुडघ्यांवर बसला आणि वरच्या लाकडी बोंडाला कान लावला. ते बोंड त्याच्याच कानाने गुळगुळीत झालेलं होतं. चांगला नळ गप्प असतो, गळणारा बडबडतो, असं तो नेहमी सांगायचा.

“ये, ऐक.”

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण तिने कधी त्या सळईला कान लावला नव्हता. आत तव्यावर चरबी तडतडावी तसा आवाज होता. तो थांबतच नव्हता.

“कुठून येतंय हे?”

“तेच तर. पूर्वी एक आवाज असायचा, मी त्याच्या मागे जायचो. आता कोणाकोणाच्या मागे जाऊ?”

“तुझे पट्टे अजून धरून आहेत.”

“पट्टे धरतील गं. मधलं लोखंडच राहिलं नाही.”

तिने झाकण बसवलं, त्याला हात देऊन उठवलं आणि त्याच्या गुडघ्यांवरची माती झटकली. ग्रंथालयासमोरच्या मतपेटीजवळ तिने गाडी थांबवली, मतपत्रिका मांडीवरच्या पुस्तकावर पसरली आणि पेनचं टोपण काढलं. विचारलं मात्र काहीच नाही.

डेलमरने सळई दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. अंगठा बोंडावरून फिरत होता, मग थांबला.

“हो,” तो म्हणाला. “‘हो’ला काळं कर, मास्तरीणबाई. आणि रेषेबाहेर जाऊ नकोस.”