क्लिप लावलेलं पहिलं पान

मी जीवशास्त्राचं पुस्तक बोलतोय. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला मी नाही. माझ्या पहिल्याच पानावर प्रकाशकाने ठळक छापलंय : ‘हे पुस्तक बायबलवरच्या श्रद्धेतून लिहिलं आहे. सृष्टी परमेश्वराने सहा दिवसांत घडवली, आणि त्याच्या हातून काहीही चुकून घडत नाही.’ पटत असेल तर घ्या, नाही तर खाली ठेवा. पेशी, बेडूक, पानांच्या शिरा, सगळं त्यानंतर.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या कोरिनने मला उचललं ते त्या पानासाठीच. तिची मुलं घरीच शिकायची आणि शिकवायची ती. पुस्तकांच्या मेळाव्यात तिने उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि नवऱ्याला, म्हणजे वेडला, म्हणाली, “वेड, हे बघ, सरळ सांगून टाकलंय. याला क्लिपा नकोत.”

“देवाची कृपा. तुझ्या क्लिपांपायी एक दिवस शेत विकावं लागलं असतं,” वेड म्हणाला.

क्लिपांचं असं होतं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक कोरिन आधी स्वतः वाचायची. श्रद्धेला न पटणारी पानं एकत्र करून त्यांना काळी क्लिप लावायची, मग मुलांच्या हाती द्यायची. क्लिपमागे खोटं असतं, हे मुलांना ठाऊक होतं. ती काढायची नाही, हेही. कपाटात माझ्या शेजारी येऊन बसणारी ती जखडलेली पुस्तकं पाहून मला थोडा माजही चढला होता.

मला आधी वापरलं थोरल्या एझ्राने. घरच्या शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी दालचिनीचे गोड रोल करायचे आणि सगळ्यांनी मिळून नव्या पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचायचं, अशी त्या घराची रीत. एझ्राचा साखरेने माखलेला अंगठा माझ्या त्या पानावर उमटला.

“अरे, तुझ्यामागून टिर्झाला वापरायचंय हे,” कोरिन रागावली.

“तिलाच ठेवलंय चाटायला,” तो म्हणाला. धाकटी टिर्झा फुरंगटून बसली.

मका काढून झाल्यावर एझ्रा धान्याच्या उंच, पत्र्याच्या कोठीत उतरला, वरचा घट्ट झालेला थर फोडायला. खालून मका सुटला आणि तो आत खेचला गेला. शेजाऱ्यांनी कोठीचा पत्रा कापला, पण तोवर सगळं संपलं होतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच होतो. कुणीतरी मला मिटून बाजूला सारलं, कारण चर्चमधल्या बायका जेवणाचे ट्रे घेऊन आल्या होत्या आणि जागा लागत होती.

“त्याच्या हातून काही चुकून घडत नाही, कोरिन,” एकीने तिचा हात धरून म्हटलं. ते माझंच वाक्य होतं.

“ट्रेवर नाव लिहून ठेव,” कोरिन म्हणाली. “नाही तर परत कुणाला करायचा ते कळणार नाही.”

ती रडली नाही. मलाही काही वाटलं नाही, हे सांगायला हवं. पुस्तकाला जेवढं वाटतं, तेवढंही नाही.

पुढे टिर्झाने मला वापरायचं वर्ष आलं. रोल झाले होते. वेडने मला तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, “पहिलं पान.” पण पहिलं पान पुठ्ठ्याला जखडलेलं होतं. त्याला काळी क्लिप होती.

“पेशीपासून सुरू करू,” कोरिन म्हणाली.

वेड बशीकडे बघत राहिला. टिर्झाने क्लिपला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. “आई, म्हणजे हे खोटं आहे?”

“खोटं आहे असं मी म्हटलेलं नाही.”

“पण क्लिप लावलीयस.”

“मला ते मोठ्याने वाचवत नाही, बाळा. खरं की खोटं, ते मला अजून माहीत नाही. कळलं की तुला सांगेन.”

टिर्झाने थोडा विचार केला. “बरं. मी थांबते,” ती म्हणाली, आणि त्यांनी पेशीचा धडा काढला. रोल तसेच निवून गेले.

वर्ष सरलं तसं कोरिनने मला चर्चच्या सभागृहातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत नेऊन मांडलं. कडेवर तान्हं मूल घेतलेल्या एका बाईने मला उचललं.

“कोणत्या विचाराचं आहे हो हे?”

“पहिल्या पानावर लिहिलंय.”

बाईने क्लिप काढली आणि पान वाचलं. “छान. हा डाग कसला? असू दे. तुम्ही हे सगळं मानता ना? मी आपली मानणाऱ्यांकडूनच पुस्तकं घेते.”

कोरिन डागाकडे बघत होती. मग तिने हात पुढे करून मला परत घेतलं. “हे विकायचं नाही,” ती म्हणाली. “चुकून आलं इथे.”

घरी येताना गाडीत मी तिच्या मांडीवर होतो. तिने आपला अंगठा एझ्राच्या अंगठ्याच्या डागावर ठेवला होता आणि ती बाहेरच्या शेतांकडे बघत होती.

आता मी पुन्हा कपाटात आहे. क्लिप पुन्हा लावलेली आहे. मला काय वाटतं ते एकदा छापून झालंय, त्यामुळे माझं सोपं आहे. तिचं तसं नाही. म्हणून एवढंच मागणं, की तुम्ही तिला भेटलात तर माझं ते वाक्य तिला ऐकवू नका. टिर्झा अजून थांबली आहे. तुम्हीही थांबा.