घागर वर येईपर्यंत

मी ट्रम्पेट बोलतोय. मरोळ गावठाणातला. पितळेचा आहे, सोन्याचा आव आणत नाही. लग्नात, मयताला, चर्चच्या सणाला वाजलो. कधी बेसूर झालो असेन, तर दोष फुंकणाऱ्याचा.

माझा मालक बेनेडिक्ट. भरदार छातीचा माणूस. खोड एकच, गालात कायम तंबाखू. हिरड्या सडल्या, पुढचे दात पडले. दात नसले की ओठाला आधार नाही आणि मला आवाज नाही. एक दिवस त्याने मला पुसून मुलाच्या, ग्लेनरॉयच्या हातात दिलं.

ग्लेनरॉयचा दम बापापेक्षा लांब होता. मग त्याला गोदामात नोकरी लागली. पाळी संपली की दोस्तांबरोबर आरे कॉलनीत जाऊन बसायचा. मी पाठीवर असायचो, म्हणून सगळं ऐकलं.

"मी सिगारेट पीत नाही हां," पहिल्या दिवशी तो म्हणाला.

"सिगारेट कोण देतंय तुला?" त्याचा दोस्त सौरभ हसला. "गांजा आहे यार, झाडपाला. तंबाखू नुसती जोडीला."

इथेच ही पोरं चुकतात. जोडीला आलेली तंबाखू मुक्कामालाच राहते. नुसता गांजा महाग पडतो, म्हणून तंबाखू. गांजा मिळाला नाही की हात रिकामा वाटतो, म्हणून सिगारेट. सिगारेट पेटली की दोस्त आठवतात, आणि पुन्हा गांजा. डोक्याचा ताण उतरतो, असं ग्लेनरॉय सांगायचा. उतरत असेल. मला एवढंच कळत होतं, की माझ्यात येणारी फुंक आखूड होत चालली होती.

अशात त्याच्या बहिणीचं, यव्होनचं लग्न ठरलं. आम्हा गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. या घराची रीत अशी, की घागर विहिरीतून वर येईपर्यंत ट्रम्पेटचा सूर तोडायचा नाही. बेनेडिक्टने तो कधीच तोडला नव्हता.

गांजाचं तोवर घरी कळलं होतं. सरावाला ग्लेनरॉय निम्म्यातच खोकला.

"भाड्याचा बँड बोलवा," बेनेडिक्ट म्हणाला.

"डॅडी, गांजा सोडलाय मी!"

"आणि हे काय रे?" यव्होनने त्याच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं. "एकाला हाकललंस आणि त्याच्याच भावाला चहा पाजतोस? तो आणेल ना त्याला परत!"

ग्लेनरॉय भडकला. "डॅडींच्या गालात काय आहे, ते विचार ना!"

आता थप्पड बसणार, असं मला वाटलं. बेनेडिक्ट उठला, मोरीत जाऊन थुंकला आणि आपली पुडी यव्होनच्या हातात ठेवली.

"दोन्ही फेक. माझे दात गेले, ते गेले. याचा दम जाऊ देणार नाही."

दोघं दवाखान्यात जाऊन आले. पुढे बापलेक लवंग चघळत एकमेकांवर खेकसायचे. ग्लेनरॉयला झोप लागेना. सौरभचा फोन तो उचलायचा नाही. एकदा आरेत जाऊन आलाच. मान खाली घालून आला, पण दुसऱ्या दिवशी मला हातात घेतलं.

उंबराच्या पाण्याचा दिवस आला. आई हिल्डाने घागर विहिरीत सोडली. ग्लेनरॉयने सूर धरला. हिल्डा दोर ओढत होती, नेहमीपेक्षा जरा भरभरच. आई ती. तरी सूर शेवटी थरथरला. यव्होनने डोळे मिटले. घागर काठाला लागली, आणि मगच ग्लेनरॉयने मला ओठांवरून काढलं.

"आता दुसरी घागर," बेनेडिक्ट बोळक्या तोंडाने म्हणाला.

"डॅडी, मारता काय!" ग्लेनरॉय हसला. खोकला नाही.

हल्ली मी दाराजवळच्या खुंटीवर असतो. तलफ त्याला अजून येते. आली की तो मला काढतो आणि अंगणात वाजवतो. शेजारी कुरकुरतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. थोडं सोसा. पोराचा दम परत येतोय.