लेखणीच्या टोकाची थरथर

“डोळे मीट, पोरी. जबडा ढिला सोड. आता मी थांब म्हणेपर्यंत मोठे मोठे श्वास घे.”

कुसुमताईंचा हा आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मित्रांनो, मी एक जुनं ईईजी यंत्र आहे. माणसाच्या मेंदूत विजेच्या फार नाजूक लहरी उठतात, त्या कागदावर उतरवायचं माझं काम. हल्ली नागपुरातल्या एका दवाखान्याच्या अडगळीत, मोडक्या खाटांमागे मी उभा आहे. शाई वाळली, लेखण्या गंजल्या. माणसं माझ्यापुढे घाबरत बसत. त्यांची ती भीती हळूहळू माझ्यात मुरली, ती मात्र वाळली नाही.

समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी पेटीत, पेंढ्यात गुंडाळून मी इथं आलो. मला चालवायच्या, सांभाळायच्या त्या कुसुमताई. दसऱ्याला त्या मला पुसून हळदकुंकू वाहत. मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत.

झोपेच्या लहरी संथ असतात, मिटल्या डोळ्यांच्या जरा चपळ. सगळ्यांत बारीक त्या सेकंदाला चाळीसच्या आसपास धावतात. त्यांना गॅमा म्हणतात. माणूस मन लावून ऐकतो, काही आठवतो, ओळखतो, तेव्हा त्या उठतात म्हणे. माझ्या लेखण्यांना त्यांच्यामागे धाप लागे. त्यातून कोणी दात आवळले, कपाळ आखडलं, तरी तशीच थरथर उमटायची. म्हणून एक बटण फिरवून ती सगळीच गाळून टाकत. आलेख स्वच्छ येई.

एका श्रावणी सोमवारी नागपुरातल्याच नंदनवन वस्तीतून जयवंता आली. पाचवीतली पोर. बोलता बोलता मध्येच थांबायची, डोळे उघडे पण आत कोणी नाही असे. क्षणभरानं पुन्हा जागेवर. शाळेतल्या बाई पट्टी मारत, घरी मठ्ठ म्हणत. बापानं सांगून ठेवलं होतं, डोक्यात बिघाड निघाला तर शाळा बंद.

“मले शॉक देतीन काय वं माय?” तिनं आईचा पदर धरला.

“नाही वं. गुपचूप बस,” तिची आई, पंचफुला, म्हणाली.

“हे मशीन कोणाला काही देत नाही, बाई,” कुसुमताई तिच्या डोक्याला तारा लावता लावता म्हणाल्या. “लय कंजूस आहे. घेते तेवढंच.”

पोर हसली नाही. श्वास सुरू झाले आणि माझ्या लेखण्या एकदम मोठमोठ्या, संथ लाटा काढू लागल्या. श्वास थांबले तरी लाटा थांबेनात. कुसुमताईंनी डॉक्टर अरुंधतींना बोलावलं. त्या कागदावर वाकल्या आणि बोटानं एकेक लाट मोजू लागल्या. मित्रांनो, ते मोजणं फार भयंकर असतं. मी जे उमटलं ते इमानानं लिहिलं होतं. तरी त्या लेकराचं नशीब आपण बिघडवतोय, या धास्तीनं माझ्या तारा थंड पडल्या.

“हिला मुंबईला न्यावं लागेल का, बघू,” डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “सकाळी काय खाल्लं हिनं?”

पंचफुलेनं पोरीला जवळ ओढलं. “उपास आहे तिले. निर्जळ. कालपासून. म्या म्हटलं, मोठी तपासणी आहे, देवाले साकडं घालू.”

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. “रिकाम्या पोटी श्वास घ्यायला लावले की अशाच लाटा येतात, बाई. हा आलेख धरायचा नाही. उद्या जेवू घालून आणा.”

कुसुमताईंनी आपला फराळाचा डबा उघडला. “माझाही सोमवार आहे. पण लेकराचा नका धरू. घे वं, दाण्याचा लाडू खा.”

“तुम्ही?” पंचफुलेनं विचारलं.

“माझं देव पाहून घेईल. जुनी ओळख आहे.”

दुसऱ्या दिवशी कालच्या लाटा नव्हत्या. पण श्वास घेता घेता जयवंता थांबली, आणि माझ्या सगळ्या लेखण्या एका तालात टोकदार उड्या मारू लागल्या. मग थांबल्या, तशी पोर भानावर आली. “ह्या लहान फिट्स आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “गोळ्यांनी बहुतेक आवरतात. ही पोर मुद्दाम करत नाही.”

पंचफुलेच्या पोटातली खरी भीती आता बाहेर आली. “पण तिले समजते काय, बाई? समजत नसन, तर शाळेत काहून धाडू म्हणतात तिचे बाबा.”

डॉक्टरांनी गाळणीचं बटण उलटं फिरवलं. “जयवंता, डोळे मीट. तोंड ढिलं. हातात काय आहे ते मनातच ओळख. पटलं की सांग.”

कुसुमताईंनी गळ्यातला एक मणी काढून तिच्या तळहातावर ठेवला. पोर तो बोटांनी फिरवू लागली. खोलीत पंखाच तेवढा वाजत होता. आणि माझ्या लेखण्यांच्या टोकांवर थरथर उठली, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक.

“बोराची बी,” ती पुटपुटली. “नाही. थांबा. याले रेघा आहेत. रुद्राक्ष आहे.”

“ही थरथर मेंदूची की कपाळाच्या स्नायूंची, हे मी शपथेवर सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “स्पर्श, आठवण आणि नाव एकत्र येताना अशा लहरी उठत असाव्यात, असा अंदाज आहे. पण पोरीनं ओळखलं, ते तर तुम्हीच ऐकलं ना?”

पंचफुला रडली नाही. तिनं पोरीच्या केसांतलं, तारा चिकटवायचं मलम पदरानं पुसलं. “उद्यापासून तुले कोणी मारणार नाही. तुया बाईले मी सोता सांगतो.”

“तू? तू त कधी शाळेत आलीच नाही.”

“आली नाही. भेव वाटते मले तिथं.”

मित्रांनो, यंत्रं जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा. पण आमच्यापुढे जो घाबरून बसतो, त्याला आधी जपा. त्याच्यातलं जे आम्हाला लिहिता येत नाही, ते नाहीच असं समजू नका.

त्या दिवशी खिडकीतून मला फाटक दिसत होतं. घरचा रस्ता उजवीकडे होता. पंचफुलेनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लेकीचं बोट धरलं आणि ती डावीकडे, शाळेच्या वाटेला वळली.