तिसरा वाफा

साहेबांनी तिसऱ्या वाफ्यावरची जाळी वर केली, घासाची एक वेटोळी शेंग तोडली आणि तळहातावर चोळली. चार पिवळे दाणे निघाले.

"इथं हात कोणी लावला?"

आम्ही सगळे खाली बघत उभे. मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

सोलापूरजवळच्या त्या सरकारी शेतावर मी फिल्डमन होतो, तोही तात्पुरता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. जनावरांसाठी लसूणघास वाढवायचा, तर बियाणं हवं होतं. आणि घासाचं फूल मोठं हट्टी, दाबून उघडल्याशिवाय बी धरायला तयार नाही. माशी बसली की ते उघडतं. म्हणून तीन वाफे केले होते. पहिला मधमाश्यांना मोकळा. दुसरा जाळीखाली, त्यातलं एकेक फूल रोजंदारीवरच्या नागव्वानं खराट्याच्या काडीनं उघडायचं. तिसराही जाळीखाली, पण त्याला कुणी शिवायचंच नाही. तो रिकामा राहिला, तरच बाकीच्या दोघांचं खरं कळणार होतं.

एवढंच मी कामावरच्या बायकांना सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? "हा माश्यांचा, हा नागव्वाचा, आणि हा वांझ वाफा." बायका हसल्या. नागव्वा हसली नाही. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ती दुधनीहून इथं भावाकडं आलेली. हे ठाऊक असून मी बोललो. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

पंधरा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, तिचा हात तिसऱ्या जाळीखाली दिसला.

"आक्का, काय करताय?"

"दोन फुलं उघडली वो अण्णा. लई फुललंय. उगं टाकून दिल्यागत दिसतंय."

दोन फुलांनी काय होतंय, म्हणत मी हसून पुढं गेलो. ती रोज दुपारी दोन-दोन उघडत राहिली असणार.

"शिवयोगी, जाळ्या तुमच्याकडं होत्या," तळहातावरचे दाणे माझ्यापुढं धरत साहेब म्हणाले. मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी फक्त नागव्वाकडं बघितलं. साहेबांनीही मग तिकडंच बघितलं.

तिनं पदर खोचला. "मीच लावला, सायेब. मला कुनी सांगितलं न्हाय, कुनी बघितलं बी न्हाय."

पहिलं खरं होतं, दुसरं खोटं, आणि दोन्ही माझ्याच पायी. मी गप्प राहिलो. साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

जाताना तिनं काडी माझ्या हातात दिली. "ठिवा, अण्णा. टोक घासून गुळगुळीत केलंय. फूल फाटत न्हाय."

मी कायम झालो. अहवालात आलं, की हातानं उघडलेल्या वाफ्याला माश्यांच्या बरोबरीनं बी धरलं. कुणाच्या हातानं, ते लिहायला रकाना नव्हता. तिच्या भावाच्या घरी जायचं रोज ठरवत होतो. गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काय.

पुढच्या फेब्रुवारीत केराबाई नावाची नवी बाई कामाला आली. तिच्या हातात ती काडी दिली, वाफे दाखवले, तिसरा रिकामा का ठेवायचा ते दोनदा समजावलं.

"आन ह्याला काय म्हनायचं?" तिनं विचारलं.

जाळीखाली जांभळी फुलं गच्च आली होती.

"तिसरा वाफा," मी म्हणालो.